काशाची वाटी आणि निशाणाची काठी

परवा मुलगा मला एका दुकानात घेऊन गेला. मुलगा म्हणजे साठी ओलांडलेला माणूस, पण व्याप असा की जेवतानाही फोन कानाला. त्याच्या डॉक्टरने त्याला बजावलंय की रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा. तो काढतो, आणि काढलेला वेळ संपला की नाही हे घड्याळात बघत बसतो. आता माझ्यासाठीही वेळ काढायचं त्याच्या मनात आलं. "बाबा, जरा स्वतःकडे बघायला शिका," म्हणाला. या वयात मी स्वतःकडे बघून काय दिसणार आहे, पण मुलाचं मन मोडू नये म्हणून गेलो.

दुकानात ओळीने खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीपुढे एक यंत्र, आणि यंत्रावर काशाची तबकडी. तळपायाला तूप चोपडायचं, पाय तबकडीवर ठेवायचा, बटण दाबलं की तबकडी गरगर फिरते. पाचसहा कर्ते पुरुष पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते. कोणी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं, कोणी डोळे मिटलेले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुकानदार मधूनमधून येऊन तबकडीवरचं काळं झालेलं तूप दाखवायचा आणि म्हणायचा, बघा साहेब, अंगातली किती उष्णता निघाली. साहेब खूष व्हायचे आणि परत मोबाइलमध्ये शिरायचे.

माझ्या पायाखालची तबकडी फिरायला लागली आणि मला तिथे बसवेना. यंत्राचा दोष नव्हता. यंत्र चांगलं होतं, तूपही बऱ्यापैकी होतं. पण ते यंत्र मला काही विचारत नव्हतं. आज कुठे गेला होता, काटा कुठे लागला, हे विचारल्याशिवाय कोणी माझ्या पायाला काशाची वाटी लावलेली मला सोसत नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. दुकानदार माझी तबकडी दाखवायला यायच्या आतच मी पाय पुसून उठलो. मुलाला सांगितलं, गुदगुल्या होतात.

छप्पन साली आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि त्याच सुमारास मी पुसदला मोजणीदार म्हणून चिकटलो. आमच्या घरात सगळे कचेरीत बसून काम करणारे. वडील बसून, काका बसून, थोरला भाऊ बसून. उभं राहून, तेही उन्हात उभं राहून नोकरी करणारा मीच पहिला. शेतं रिकामी झाली की मोजणी सुरू व्हायची, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. पहाटे सायकल काढायची, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, मागे कॅरियरला भाकरीचं फडकं. मग दिवसभर साखळीच्या मागे चालायचं. भावाभावांत धुऱ्यावरून भांडण असलं की दोघंही आपल्या बाजूने चार पावलं जास्त चालायला लावत. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यासाठी माणूस काय करील याचा नेम नसतो. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा तळपाय तव्यासारखे झालेले असायचे. कोणी तब्येतीचं विचारलं की मी मोठ्या ऐटीत सांगायचो, मरायला फुरसत नाही. तरुणपणी हे वाक्य फार शोभतं असं वाटतं.

सत्तावन्न साली लग्न झालं. ती राळेगावकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरातल्यासारखं छापील बोलणं तिला येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. येताना माहेरून जी भांडी आली त्यात ही काशाची वाटी होती, तिच्या आईची. बूड गुळगुळीत, कडेला एक बारीकसा पोचा. पुसदला दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं, त्याच आठवड्यात तिने माझे पाय बघितले. मी खाटेवर आडवा झालो होतो आणि ती दिवा लावून आत येत होती. माझ्या टाचांच्या भेगांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली,

"लोकाईच्या धुऱ्याचं दुखनं तुमाले समजते, आन सोताच्या पायाचं काहून समजत नाई?"

मी म्हटलं, वेळ कुठे आहे. ती आत गेली. तुपाची वाटी आणि काशाची वाटी घेऊन आली, पाटावर बसली आणि माझा पाय तिने मांडीवर ओढून घेतला. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतरचा तेवढा वेळ माझा राहिला नाही, तिचा झाला. म्हणजे माझाच झाला, पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तळपायावर वाटी फिरू लागली की तिची चौकशी सुरू व्हायची. ती गावातून फारशी बाहेर पडत नव्हती, पण माझ्या पायांवरून तिने अर्धा तालुका ओळखीचा करून घेतला. टाचेच्या भेगेत काळी माती दिसली की म्हणायची, आज नदीच्या अंगाला होते वाटतं. बोटांच्या बेचक्यात मुरमाचे खडे निघाले की बरड जमीन. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कापून झाल्यावर मागे राहिलेले खुंट फार वाईट, चपलेतून वर येतात. तसला ओरखडा दिसला की तिचा हात जरा हळू व्हायचा आणि ती विचारायची, "पऱ्हाटीच्या वावरात गेलते?" मग मी सांगायचो. कोणाचं वावर, कोण भांडलं, कोणत्या तांड्यावर बाईने ताक दिलं, कुठल्या पळसाखाली जेवलो. इतरत्र मी काही बोलका माणूस नाही. पण पाय दुसऱ्याच्या हातात असले की जीभ सुटते, असा माझा अनुभव आहे. एरवी मला घरी येऊन कोणाशी शब्द बोलावासा वाटत नसे, आणि तिच्यापुढे बोलून संपायचं नाही.

शेवटी ती वाटी उलटी करून माझ्या नाकापुढे धरायची. बुडाला काळंकुट्ट तूप. "पाहा, केवढी आग भरून होती." हे मात्र मला पटत नसे. अमरावतीला कॉलेजात दोन वर्षं काढली होती, त्याचा माज होता. मी तिला समजावलं की काशात तांबं असतं, कथील असतं, तूप आणि घाम लागला की ते काळं पडतं, उष्णतेचा काही संबंध नाही. तिने विचारलं, मग रिकाम्या पाटावर घासली तर निघेल का काळं? मी हट्टाने पाटावर तूप लावून वाटी घासली. थोडं काळं निघालंच. मी जिंकल्यासारखी वाटी तिच्यापुढे धरली.

"पाटावर रोज बसते कोन?" ती म्हणाली. "तुमचीच आग हाय ते."

यापुढे कॉलेजचं काही चालेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला दिवस गेलेले होते. आणि त्या उन्हाळ्यात तिच्याच तळपायांची आग सुरू झाली. आमच्याकडचा उन्हाळा तसाही कोणाची दयामाया करत नाही, त्यात हे. ती रांजणाजवळच्या ओल्या जागेत पाय ठेवून उभी राहायची. भाकरी करताना एक पाय दुसऱ्यावर घासायची. जेवण उतरलं, डोळ्यांखाली काळं आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थंड पाण्यात पाय ठेवायला सांगितलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. घरात काशाची वाटी होती, तूप होतं, आणि ती त्याच पायांनी फिरत होती. पोटामुळे तिला वाकून स्वतःच्या तळपायापर्यंत पोचता येईना. शेजारी एक काकू होत्या, फार मायेच्या, पण त्या वयाने मोठ्या. मोठ्या बाईने लहानीचे पाय चोळायचे नसतात. त्या तयार झाल्या असत्या तरी हिने पाय दिले नसते.

राहिलो मी. मी म्हटलं, आण इकडे, मी घासून देतो. तिने पाय पटकन लुगड्याखाली ओढून घेतले, चटका बसावा तसे.

"पाप चढवता का माह्या डोक्शावर?" ती म्हणाली. "नवऱ्याचा हात बायकोच्या पायाले लागत असते का?"

मी चिडलो. म्हटलं, माझे पाय रोज मांडीवर घेतेस ते चालतं? तर ते चालतं. मी रागावलो, समजावलं, एकदा तर जेवणावरून उठलो. काही उपयोग झाला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण पाय लुगड्याबाहेर यायचे नाहीत. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. शेतात साखळी मोजताना आकडे चुकायचे. मला फक्त एवढंच हवं होतं की या बाईने एकदा आपण होऊन पाय पुढे करावा आणि म्हणावं, घासा.

माणूस ज्या कामात असतो त्याच कामातून त्याला अक्कल सुचते. मोजणीत रेघ सरळ धरायला लांब बांबूच्या काठ्या लागतात, टोकाला निशाण बांधलेल्या. त्यातली एक चिरली म्हणून बाद झाली होती. मी ती सायकलला बांधून घरी आणली. काशाच्या वाटीत चिंध्या कोंबल्या, त्यात काठीचं टोक बसवलं आणि सुतळीने गच्च आवळलं. दाराला कडी घातली. तिला खाटेवर बसवलं आणि मी पार उंबऱ्याजवळ जाऊन बसलो, काठी दोन्ही हातांत धरून.

ती बघतच राहिली. मी म्हटलं, माझा हात लागणार नाही. काठी लागेल. काठी सरकारी आहे, पाप लागलंच तर सरकारला लागेल.

मग तिच्या पोटातून हसू आलं. तिने तोंडात पदर कोंबला तरी खाट हलायला लागली. "तुमी दिग्रसले आन मी पुसदले," म्हणाली. पण पाय तिने आत घेतले नाहीत. मी लांबूनच तूप लावलेली काशाची वाटी तिच्या पायावर टेकवली. ती घसरली, घोट्यावर गेली, खाटेच्या माच्याला आपटली. दिवसभर शेतात रेघ चुकू न देणारा मी, मला बायकोच्या पायावर वाटी सरळ फिरवता येईना. तरी थोड्या वेळाने तिचं हसणं थांबलं आणि तिने भिंतीला डोकं टेकवलं. त्या संध्याकाळी ती माझ्याआधी झोपली.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की काठी इतकी लांब असली की जोर सारखा पडत नाही. हे शास्त्र होतं, आणि ते तिने मानलं. मी काठी हातभर कापली. मग काही दिवसांनी आणखी थोडी. मी काही बोलायचो नाही, तीही काही विचारायची नाही. मी उंबऱ्यावरून खोलीच्या मध्ये आलो, मध्यावरून खाटेपाशी. एकदा ती काठीकडे बघून म्हणाली, उंदरं कुरतडून राह्यले वाटते. मी म्हटलं, पुसदचे उंदीर फार माजलेत. शेजारच्या काकूंनी एकदा ती काठी कोपऱ्यात बघितली आणि हे काय म्हणून विचारलं. हिने सांगितलं, जळमटं काढायची. काकूंनी आमच्या छताकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

पाऊस पडेपर्यंत काठीचा वीतभर तुकडा उरला होता. मग तो वाटीत बसवायचा कंटाळा आला असं मी म्हणालो, आणि नुसती वाटी हातात घेतली. तिने मान दुसरीकडे केली. माझ्या हातात आणि तिच्या पायात आता फक्त काशाची जाडी होती. घासून झालं की ती जड अंगाने उठायची, मी नको म्हटलं तरी वाकून माझ्या पायाला हात लावायची आणि म्हणायची, झालं आता बरोबर. माझ्या बाजूने काहीच बरोबर झालेलं नसायचं. मला ते वाकणं बघवत नसे.

बाळंतपणाला ती माहेरी गेली. वाटी माझ्यासाठी ठेवून गेली. आपले पाय आपण घासायचा मी प्रयत्न केला. होतं, पण त्यात काही राम नाही. हात पायाला ओळखतो, विचारण्यासारखं काही राहत नाही.

मुलगा झाला, ती परत आली, पुढची वर्षं भराभरा गेली. माझं काम वाढलं, मी आणखी ऐटीत फुरसत नाही म्हणायला लागलो. पण दिवेलागणीनंतर मुलाला जेवू घालून निजवलं की दाराला कडी लागायची. रविवारी ती माझ्या डोक्याला तेल थापायची, उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशातला कांदा चाचपून बघायची, आणि रोज आधी माझे पाय. तिचे पाय घासायचे म्हणजे मला दरवेळी आर्जव करावं लागायचं. "आज नको," "आज बरं हाय," "तुमी थकून आले." मग मी वाटी घेऊन बसूनच राहायचो, तेव्हा कुठे ती पाय थोडासा सरकवायची, तोही असा की चुकून सरकला असावा. तिने तो कधी आपण होऊन पुढे केला नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मी तिला चिडवायचो, भावाभावांची भांडणं मिटवली मी, पण हा धुरा काही सुटत नाही. ती म्हणायची, "तुमची मोजनी चुकली असन."

त्या संध्याकाळी मला आजही हव्या आहेत. बाकीचं आयुष्य कोणाला हवं असेल तर घेऊन जावं. कंदिलाची काच तिने नुकतीच पुसलेली, बाहेर नदीच्या अंगाने थोडासा वारा, आत झोपलेल्या मुलाचा श्वास, आणि पायावर फिरणारी वाटी. मी सांगतोय आणि ती हूं म्हणतेय. मी अजूनही कधी एखादं शेत बघितलं की मनात तिला सांगायला लागतो.

मुलगा शाळेत जायला लागल्यावरच्या एका उन्हाळ्यात तिला ताप आला. आधी साधा वाटला, मग उतरेचना. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. मुलाला यवतमाळला माझ्या आईकडे पाठवलं. मी रजा टाकली. नोकरी लागल्यापासून मला पहिल्यांदा फुरसत होती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे, औषध द्यायचे, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगायचे. पट्ट्या ठेवल्या ठेवल्या वाळायच्या. ती कधी शुद्धीत असायची, कधी राळेगावच्या कोणाशी तरी बोलत असायची.

एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मग पांघरुणाखाली काहीतरी हललं आणि तिचा पाय बाहेर आला. पुरता घोट्यापर्यंत बाहेर. तिने तो माझ्याकडे सरकवला.

"घासा जी," ती म्हणाली. "लय जळून राह्यलं."

किती वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघितली होती. आणि तो ऐकल्यावर मला पळून जावंसं वाटलं. मी उठून वाटी आणली. कडी लावायला गेलो नाही. दार सताड उघडं होतं. तिचा पाय मी मांडीवर घेतला, उघड्या हाताने, आणि तिने ओढून घेतला नाही. काकू दारात आल्या, त्यांनी बघितलं. त्या आल्या तशा परत गेल्या आणि त्यांच्या घरातलं तूप घेऊन आल्या, माझ्याजवळ ठेवून गेल्या.

मग मी दुसरं काही केलं नाही. औषधाची वेळ झाली की औषध, पट्टी वाळली की पट्टी, आणि बाकी वेळ वाटी. वाटी इतकी काळी व्हायची की फडकी पुरेनात. काळं निघालं की मला धीर यायचा. मी तिला सांगायचो, निघतेय, खूप निघतेय. मी काय काय सांगत बसलो होतो देव जाणे. सगळी वावरं सांगितली, ताक देणारी बाई सांगितली, पळस सांगितला. कधी ती हूं म्हणायची.

एका सकाळी ती शांत होती. कण्हणं थांबलं होतं, तोंडावरची तलखी गेली होती. उजाडता उजाडता माझा बसल्या जागी डोळा लागला असावा. जाग आल्यावर मी सवयीने तूप लावलं आणि वाटी फिरवायला घेतली. उजवा पाय घासला. पाय गार लागत होता. गार व्हावा म्हणून तर इतके दिवस बसलो होतो. डावा घासला, तोही गार. वाटी उलटी करून उजेडात धरली. तूप जसं लावलं तसं पिवळं. मी परत घासली, जोर देऊन घासली. काळं नाही.

मला तांबं आठवलं नाही, कथील आठवलं नाही. तिचंच खरं होतं. आग सगळी निघून गेली होती. मी बसल्या जागेवरून काकूंना हाक मारली, काकू, या, ताप उतरला, वाटी स्वच्छ आली. काकू धावत आल्या. तोवर मी उशाशी सरकून वाटी तिच्या नाकापुढे धरली होती, ती माझ्यापुढे धरायची तशी.

"पाह्य," मी म्हणत होतो, "एक डाग नाही."

काकूंनी तिच्या पायाला हात लावून बघितला, नाकाशी बोट धरलं. मग त्यांनी तिचे पाय पांघरुणात घेतले आणि माझ्या हातातली वाटी हळूच काढून घेतली.